टवका उडालेलं फावडं

दार लोटून घे ब्रेंट. वर पास्टर उद्याची खुर्च्यांची मांडामांड करताहेत, त्यांच्या कानावर जायला नको. आपल्यात भुतंखेतं नसतात असं आपण म्हणतो, आणि दिवसा मीही म्हणतो. पण आता दिवे गेलेत, बाहेर गारांचा मारा चाललाय आणि उद्याच्या जेवणाचे बटाटे अजून ढीगभर सोलायचेत. एकेक पेपरमिंट तोंडात टाका आणि हात चालू ठेवा.

मघाशी काय म्हणालास रे तू? भाड्याचं मशीन आलंय म्हणून उद्या पहाटेच, पिकांसाठीच्या प्रार्थनेच्या आधी, तुझ्या रानातला चर उपसून टाकतोस? ऐक मग. ऐकून झाल्यावर उपसायचा तर उपस, मी धरून ठेवणार नाही.

आर्लिन वोल्थाउस तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ वेस, तो मात्र बोलायला लागला की थांबत नाही. दोघांची शेतं एकमेकांना लागून, मध्ये एक चर. सहा वर्षांपूर्वी या दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. वेसनं चर खोल करून आपल्या रानातलं पाणी आर्लिनच्या अंगावर सोडलं आणि आर्लिनचे कांदे जमिनीतच कुजले. आर्लिन जाब विचारायला गेला, तेव्हा वेस हसून म्हणाला, "पाणी उताराकडेच जाणार दादा. त्याला मी काय करू?"

बस. तेव्हापासून बोलणं बंद. चर्चमध्ये एक डाव्या बाजूला, एक उजव्या. भाऊ मेलाय असं समजूनच आर्लिन वागत होता. एकदा या इथेच, कॉफी ओतताना, तो मला म्हणाला होता, "हेसल, तो चरात पडून मेला तरी मी वळून बघणार नाही." मी म्हटलं, असं बोलू नये. तो म्हणाला, "मनात असून न बोलण्यापेक्षा बरं."

त्या मार्चमध्ये हॉलंडातल्या ड्रेन्थहून त्याच्याकडे एक पाहुणी आली. लामेखीन नावाची, सगळे लामी म्हणायचे. निवृत्त शिक्षिका, काठीसारखी सरळ आणि जिभेनं तिखट. तिच्या पणजोबांचे दोन भाऊ दीडशे वर्षांपूर्वी इथे मिशिगनला आले होते, रूलॉफ आणि धाकटा एगबर्ट. आर्लिन आणि वेस हे रूलॉफच्या वंशातले. म्हणजे लामी त्यांची लांबची बहीणच लागली. घराण्याचा माग काढत ती इथवर पोचली होती.

रूलॉफची कथा तुम्ही दर जत्रेला ऐकलीय. एक बायबल आणि पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापायचं एक फावडं घेऊन आला, दलदल उपसली, सोन्यासारखं काळं रान काढलं. ते फावडं आर्लिनच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेलं असायचं. अरुंद पातं, लांब दांडा, आणि धारेला मधोमध बोटभर टवका उडालेला. रूलॉफ पहिल्या वर्षी चर खणत असताना दगडावर आपटून तो टवका उडाला, असं त्या घरात बाप मुलाला सांगत आला. एगबर्टला म्हणे इथलं काही मानवलं नाही, तो मायदेशी परत गेला. मग रूलॉफनं भावाच्या आठवणीसाठी आपल्या पहिल्या मुलाचं नाव एगबर्ट ठेवलं. काय ते भावाभावांचं प्रेम! आमच्या लहानपणी आया आम्हाला हेच उदाहरण द्यायच्या.

तर त्या मंगळवारी, म्हणजे प्रार्थनेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, वर्षाच्या याच रात्री, संध्याकाळचं जेवण उरकून लामी सामान बांधत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं विमान.

"आर्लिन, एक विचारू?" ती म्हणाली. "पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, ही तुमच्याकडेही रीत होती ना?"

"होती की. मी स्वतः त्या रीतीतून कसाबसा सुटलोय."

"मग रूलॉफनं बापाचं नाव बाजूला ठेवून भावाचं का दिलं?"

"प्रेम होतं म्हणून."

"आमच्याकडे असं जिवंत माणसासाठी करत नाहीत," लामी म्हणाली. "आजोबांना मागे सारून दुसऱ्याचं नाव पुढे आणायचं, ते गेलेल्यासाठी. आणि एगबर्ट परत आलाच नाही आर्लिन. मी तेच विचारायला आले होते, चार दिवस धीर होत नव्हता. त्याची आई मरेपर्यंत रोज टेबलावर त्याचा चमचा मांडायची. तो चमचा माझ्याकडे आहे."

 आर्लिनला ते ऐकायचंच नव्हतं. जहाज बुडालं असेल, म्हणाला.

"असेल," लामी म्हणाली. "आणि तुझा भाऊ चराच्या पलीकडे, आवाज दिला तर ऐकू जाईल इतका जवळ. आमच्या म्हातारीला तिचा मुलगा असा जवळ मिळता तर..." मग तिनं स्वतःलाच आवरलं आणि पिशवीतून काचेची एक बरणी काढली. "जाऊ दे. मास्तरीण आहे, सवय जात नाही. मला रूलॉफच्या पहिल्या तुकड्यातली माती हवीय. त्या म्हातारीच्या थडग्यावर घालीन. आणि जमलं तर त्याच फावड्यानं काढ."

आर्लिन म्हणाला, "उद्या प्रार्थना होईपर्यंत आम्ही रानात फावडं घालत नाही."

"का?"

का, ते त्याला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. माझ्या बापानं सांगितलं नाही, त्याला त्याच्या बापानं सांगितलं नाही. घालायचं नाही, एवढंच. आणि पाहुण्या बाईपुढे असलं काही बोलायचं म्हणजे आर्लिनला लाज वाटली. बरणीभर मातीनं काय होतंय, असं म्हणून त्यानं भिंतीवरचं फावडं उतरवलं, बॅटरी खिशात टाकली आणि तो निघाला.

सूर्य नुकताच मावळला होता. वारा पडला होता. रान रिकामं, ओलं, टोकापर्यंत काळं. रूलॉफचा पहिला तुकडा अगदी चराला लागून आहे, तिथवर आर्लिन चालत गेला. चरात पाणी वाहत होतं. पलीकडे वेसच्या स्वयंपाकघरात दिवा होता. तो बघून आर्लिनच्या कपाळाची शीर उडाली, पण तसं रोजच व्हायचं.

त्यानं फावडं रोवलं. पातं लोण्यात जावं तसं आत गेलं. एक ढेकूळ निघालं, दुसरं निघालं, बरणी भरली. झाकण लावून त्यानं ती बाजूला ठेवली आणि पातं पुसायला हातात धरलं. अंगठा त्या टवक्यावर गेला.

आणि त्याच्या मनात आलं... दगड?

काळ्या रानात दगड कुठे असतो? तुम्ही सगळे इथलेच. आयुष्यात एक तरी दगड सापडलाय तुम्हाला? कावळ्यांना मारायलासुद्धा आपण पोरं सडकेवरून खडे वेचून आणायचो. खोल खणत गेलं तरी नुसता लोण्यासारखा काळा गाळ. ही गोष्ट त्या घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होती, आणि दगडाची गोष्टही प्रत्येकानं ऐकली होती, आणि कुणालाही कधी प्रश्न पडला नाही. आर्लिनलाही साठी उलटेपर्यंत पडला नव्हता.

तो तसाच उभा राहिला. मग त्याला आवाज आला.

थप... थप...

खाली चरात कुणीतरी चालत होतं. ओल्या गाळावर फळी पडावी तसा आवाज. पूर्वी या रानात घोडे रुतू नयेत म्हणून त्यांच्या खुरांना फळ्या बांधायचे, माणसंही बुटांना बांधायची. मी लहानपणी शेवटच्या पाहिल्यात. आता त्या फक्त संग्रहालयात आहेत.

थप... थप... आणि मग फावड्याचा आवाज.

आर्लिननं वाकून पाहिलं. चरात एक माणूस पाठमोरा उभा होता. ओणवा होऊन आर्लिनच्या बाजूचा काठ फोडत होता. पाणी इकडे यावं म्हणून. अंधारात एवढंच दिसलं, रुंद खांदे, वेससारखे. उघडी मान, वेससारखी.

"वेस!" आर्लिन ओरडला. "बाहेर ये तिथून!"

माणूस थांबला नाही.

"वेस, मी सांगतोय..."

तो माणूस हसला. वर न बघता हसला. आणि म्हणाला, "पाणी उताराकडेच जाणार दादा. त्याला मी काय करू?"

शब्द तेच. पण बोली जुनी, ड्रेन्थची, आर्लिनच्या आजीच्या तोंडची. आणि पुढे तो म्हणाला, "खण रूलॉफ. तूही खण."

आर्लिन मला म्हणाला, त्या क्षणी पळायला हवं होतं. पाय पळायला निघालेही. पण हातांत काहीतरी चढलं. खांद्यांपासून खाली, उकळत्या पाण्यासारखं. कुजलेले कांदे, ते हसू, तो वर्षभराचा अबोला, आणि त्याच्याही मागचं कुणाचं तरी, त्याचं नसलेलं... सगळं एकदम हातांत.

त्यानं फावडं डोक्यावर उचललं आणि मानेवर घातलं.

पातं आत गेलं आणि अडकलं. माणूस गुडघ्यांवर आला. ओरडला नाही. हाताची बोटं मानेकडे गेली आणि पात्यावर कापली गेली. आर्लिननं त्याच्या खांद्यावर बूट रोवला आणि फावडं उपसून काढलं. हाडातून निघताना कट्ट असा आवाज झाला. पुन्हा मारलं. त्यानं आर्लिनचा घोटा धरला. बोटं थंड. घट्ट. आर्लिननं त्या बोटांवर मारलं. मग डोक्यावर. मग कुठे लागतंय ते बघितलंच नाही. उबदार काहीतरी त्याच्या तोंडावर उडालं आणि ओठांवर खारट लागलं. माणूस पालथा पडला, तरी त्याचे पाय हलत होते, ते फळ्या बांधलेले पाय.

थप... थप...

आर्लिन चरात उतरला. त्या पाठीवर उभा राहिला. फावड्याच्या सपाट बाजूनं त्याचं डोकं गाळात दाबलं आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकलं. बुडबुडे आले.

आणखी आले.

मग थांबले.

...

चरात पाणी वाहत होतं. आर्लिनचा श्वास परत आला आणि श्वासाबरोबर अक्कल आली. पायाखाली कोण आहे? रुंद खांदे. उघडी मान. त्यानं काय म्हटलं होतं मला, इथे कॉफी ओतताना?

तो चरातून हातापायांवर बाहेर आला आणि वेसच्या घराकडे धावत सुटला. वेसच्या बायकोला सांगायचं, मार्व्हा, मी त्याला मारलं. एवढं एकच वाक्य तो मोठ्यानं घोकत होता. पडला, उठला, पडला. दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

दार मार्व्हानं उघडलं. "अगं बाई! आर्लिन? काय झालं?"

त्यानं तोंड उघडलं. आणि आतून आवाज आला.

"कोण मेलं म्हणून उजाडलास रे? वर्षभरानं वाट सापडली का आमच्या घराची?"

टेबलाशी वेस बसला होता. गळ्यात रुमाल, समोर वाटाण्याचं सूप. चमचा हातात.

आर्लिन दारातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. वेसचं हसू मावळलं. तो उठला, भावाजवळ गुडघ्यांवर बसला, त्याचं तोंड दोन्ही हातांनी वर केलं. "अरे, चिखलानं माखलायस नुसता. आर्लिन? दादा? बोल ना रे काहीतरी!"

"तू कुठे होतास?" आर्लिननं विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच. सूप पितोय. मार्व्हाला विचार."

"मघापासून जागचा हललेला नाही," मार्व्हा म्हणाली. "भांडी घासायला लागतील म्हणून."

वेसचा एक हात स्वतःच्या मानेवर होता. चोळत होता. "मघाशी अचानक मान धरली बघ. खिळा ठोकावा तशी कळ आली." एवढंच म्हणाला आणि विसरला.

दोघे भाऊ बॅटऱ्या घेऊन चरावर गेले. आधी वेसनं मला फोन केला, कारण माझं घर सडकेच्या तोंडाशी. मी गेलो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चरात कुणी नव्हतं. रक्ताचा थेंब नव्हता. आर्लिनच्या तोंडावर, हातांवर नुसता काळा गाळ. बरणी जिथे ठेवली तिथे, झाकण लावलेली. आणि चराच्या काठात ते फावडं सरळ उभं, दांड्यापर्यंत आत गेलेलं. आम्ही तिघांनी ओढलं तरी निघेना.

"राहू दे," आर्लिन म्हणाला. "उद्या प्रार्थना झाल्यावर खणू."

प्रार्थना झाली. लामीनं विमान सोडून दिलं. सगळ्यांच्या पुढे होऊन काठीवर रेलून ती काठाशी उभी राहिली, आणि आम्ही खणलं. फार खणावं लागलं नाही. आपलं हे रान दरवर्षी थोडं खाली बसतं, जे पुरलं ते दरवर्षी थोडं वर येतं. पात्याच्या टोकाशीच तो होता. पालथा. गाळानं त्याला जपलं होतं, कातडं काळं, चामड्यासारखं, बुटांना फळ्या तशाच बांधलेल्या. डोक्याची कवटी अनेक ठिकाणी फुटलेली. हाताची बोटं नव्हती. आणि मानेच्या मणक्यात लोखंडाचा बोटभर तुकडा रुतलेला. शेरीफच्या माणसानं तो काढला आणि फावड्याच्या टवक्याशी धरला. बसला.

वेसनं डोक्यावरची टोपी काढली. लामी रडली नाही. खाली वाकून त्या काळ्या डोक्याला हात लावून म्हणाली, "एगबर्ट, तुझा चमचा मांडलेला आहे बरं."

त्याला आपल्याच दफनभूमीत पुरलं, नाव घालून. बरणी लामी घेऊन गेली, त्याच्या आईकडे. फावडं शेरीफनं नेलं, ते आर्लिननं परत मागितलं नाही. रूलॉफची कथा जत्रेत आता कुणी सांगत नाही. आणि चर दोघा भावांनी मिळून बुजवला, नवा पाइप घातला, अर्धा अर्धा खर्च. पाणी आता सडकेकडे जातं.

काय ब्रेंट? संपली असं वाटलं? एगबर्टचं मला नवल नाही. काळ्या रानात असं बरंच काही असेल. मला वेगळंच खातंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलर लावताना मार्व्हाला वेसच्या मानेवर लाल रेघ दिसली. तिला वाटलं, दाढीचं पातं लागलं. डॉक्टर म्हणाले, ओरखडा. मलम दिलं. रेघ गेली नाही. तिचा पांढरा, उठलेला वण झाला, या कानाच्या मागून त्या कानाच्या मागे. तिच्यावर केस उगवत नाहीत.

आर्लिनला मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "हेसल, मी त्याला हात लावला नाही. तो सूप पीत होता." मग म्हणाला, "पण हात माझेच होते ना रे."

उद्या दोघे चर्चमध्ये येतील. हल्ली डावी-उजवी बाजू नाही. वेस पुढच्या बाकावर बसतो, आर्लिन बरोबर त्याच्या मागे. त्यांच्या मागचा बाक धरा. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतील, माना खाली जातील. तुम्ही मिटू नका. आर्लिनही मिटत नाही. त्याच्या खांद्यावरून पाहिलंत तर वेसच्या मानेवरची ती पांढरी रेघ दिसेल. एका कानापासून निघते, सरळ येते, आणि मधोमध थांबते. तिथे बोटभर कातडं धडधाकट आहे, साधे केस आहेत.

मग रेघ पुन्हा सुरू होते.